ट्रे घेऊन आलेली बाई

मराठी राजकीय कादंबरी-सिनेमात बाई दिवाणखान्यात आली की तिच्या हातात हमखास ट्रे असतो. पुढाऱ्यांचं खलबत ऐन रंगात आलेलं असतं. ती कप ठेवते, पदर सावरते आणि आत जाते. आत काय चालतं, हे बहुधा लेखकालाही ठाऊक नसावं.

आम्हा राहुरीकरांना हे जरा जास्तच खुपतं. इकडे कृषी विद्यापीठ, तिकडे मुळा धरण, मध्ये ऊस आणि उसाभोवती राजकारण. 'सामना' सिनेमा आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला, तिथल्या परीक्षकांना त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील कितपत कळला कोण जाणे. आमच्याकडे पडद्यावर निळू फुल्यांनी नुसती मान वळवली तरी जो तो आपल्या गावातलं नाव पुटपुटतो. पण साखरेच्या त्या राज्यात कारभाराचं बोलणारी बाई शोधून बघा.

खऱ्या राज्यात ती कागदावर तरी ठायी ठायी असते. कमाल जमीन धारणेचा कायदा १९६१ साली आला, तसे कित्येक घरांतले एकर बायका-सुनांच्या नावावर सरकले. मग साखर कारखान्याचा शेअरही तिच्या नावावर, सभेची नोटीसही. माझ्या चुलतसासूबाई अशाच सभासद. "दिवाळीची साखर आणायला सभासद मी, अन् सभेला हे," म्हणायच्या. मात्र पॅनेल कुणामुळे फुटणार, हे सभेहून परतणाऱ्या काकांच्या आधी त्यांना कळलेलं असे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण कुणाकडे गेली नाही, एवढ्यावर त्यांचा अंदाज बांधून व्हायचा. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस अख्खी मुंबई पालथी घालून जी बातमी मिळवतो, तसली बातमी यांना मेथी निवडता निवडता मिळे.

अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली केलेला तो सिनेमा मला आजही आवडतो. पण मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगारपुढारी, पत्रकार, सगळे डाव पुरुषांचे. बायकांच्या वाट्याला येतात ती पुरुषांची गुपितं. 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर कोतवालीची किंमतच गौरी. तेंडुलकरांना नेमकं हेच दाखवायचं होतं, कबूल. तरी सौदा उघडा पाडणाऱ्या नाटकातही गौरीला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

परदेशातही निराळं नाही. ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीत विन्स्टन बंदी घातलेला ग्रंथ मोठ्यानं वाचतो आणि त्याच्या प्रेयसीला, ज्युलियाला, चक्क झोप लागते. बाईला विचारांत रस नसतो, असा सूर त्यातून निघतो. डाफ्नी पाताई या अभ्यासक बाईंनी तर १९८४ सालीच ऑर्वेलच्या या पुरुषी नजरेवर अख्खं पुस्तक लिहिलं. सँड्रा न्यूमन यांनी २०२३ मध्ये तीच गोष्ट ज्युलियाच्या बाजूनं सांगितली. मी ज्युलियाच्या पक्षात आहे. जाड राजकीय वाचनापुढे जागं राहणं हीच निष्ठेची कसोटी असेल, तर अहवालवाचन सुरू होताच वार्षिक सभेतले निम्मे सभासद बाद होतील.

आणि हे खटलं काही इंग्रजांनी शिकवलेलं नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्येच 'स्त्रीपुरुष तुलना'त नाटक-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना बायकांच्या चित्रणाचा जाब विचारला होता, तोही अगदी मुलाहिजा न ठेवता.

लेखकांना नमुने सापडले नाहीत म्हणावं, तर निदान आमच्या जिल्ह्यात तशी सबब चालायची नाही. नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला चांदबिबीनं. माळव्याचा कारभार तीनेक दशकं हाकणाऱ्या अहिल्याबाई जन्मल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीला, आणि आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. गावोगावी फ्लेक्स लागतात: सरपंचबाई कोपऱ्यात तिकिटाएवढ्या, मधोमध त्यांचे यजमान, गॉगलसह. कुणी कादंबरी लिहायला घेतलीच, तर त्या कोपऱ्यापासून सुरू करावी. गॉगलवाल्याचं दुसऱ्या प्रकरणात बघू.