काळ्या पडद्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. काळा पडदा,
मुक्काम मॉनिटर, जळगाव व धुळे जिल्हे

विषय : अपग्रेडनंतरच्या आपल्या शुभागमनाबद्दल जाहीर आभार

महोदय,

२०२१ साली विंडोज ११ आलं आणि त्यानं टीपीएम २.० नावाची चिप मागितली. आमच्याकडच्या सेवा केंद्रांतले, क्लासेसमधले, केळीच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसांतले जुने डबे ती कुठून देणार? म्हणून काही जण उबंटू २२.०४ या लिनक्सवर आले आणि सुखात नांदू लागले. पुढे २४.०४ चं निमंत्रण आलं. ‘अपग्रेड’चं बटण दाबलं, मशीन पुन्हा सुरू झालं, पंखा घुमू लागला आणि पडद्यावर साक्षात आपण! बाहेर सातबाऱ्यासाठी रांग, डोक्यावर जळगावचं ऊन आणि समोर आपलं शांत, निर्विकार मुखकमल. भाग्य लागतं.

आपल्या गुप्ततेचं कौतुक करावं तेवढं थोडं. आत सगळं ठीक असतं. डिस्क फिरते, फाइली जागेवर असतात, प्रिंटरसुद्धा नेटवर्कवर हजर असतो. तरी आपण असा चेहरा करता की मालकाला वाटावं, घरातलं कुणी गेलं. मग शेजारचा जाणकार येतो, ‘काय व्हयनं भो?’ विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता निदान सांगतो : फॉरमॅट मारावं लागेल. आपल्या कृपेनं हा धंदा आमच्याकडे बारमाही चालतो.

खरं कारण आपण पदराआड लपवून ठेवता, पण आम्हाला कळलंय. डब्यात जीटी ६१० हे जुनं ग्राफिक्स कार्ड. त्याला चालणारा एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ३९० मालिकेतला. कंपनीनं २०२२ अखेर त्याच्यावरून हात काढला आणि २४.०४ मध्ये त्याला जागाच उरली नाही. जुना ड्रायव्हर गेला, पण जाताना ‘नूव्हो’ या मुक्त ड्रायव्हरवरची बंदी तशीच ठेवून गेला. एक नाही, दुसऱ्याला मज्जाव. मग चित्र काढणार कोण?

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सच्या जनकानं, लिनस टोरवाल्ड्सनं, भर सभेत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरताच. गरिबाच्या जीटी ६१० ला त्यातलं काही मिळालं नाही.

आपण सर्वशक्तिमान खरे, पण कंट्रोल-ऑल्ट-एफ३ या तीन कळांपुढे आपलं चालत नाही. त्या दाबल्या की आपल्यामागून साधी अक्षरी लॉगिनची ओळ निघते. तीही निघाली नाही, तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत ‘नोमोडसेट’ लिहून मशीन उठवता येतं. पुढे पडदा रंगवणाऱ्या एक्सऑर्गचा लॉग उघडायचा आणि ‘ईई’ खुणेच्या ओळी वाचायच्या. तिथं मशीननं स्वतःच्या अक्षरात तक्रार नोंदवलेली असते : ‘नो स्क्रीन्स फाउंड’. अठरा इंची मॉनिटरसमोर बसून हे वाचायला मिळणं, हाही आपलाच विनोद. मग एनव्हिडियाची उरलेली पॅकेजं ‘पर्ज’ करायची, म्हणजे मुळासकट काढायची, जुन्या ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ फाइलचं नाव बदलायचं आणि रीबूट करायचं. नूव्हो कामाला लागतो. त्याच्यावर गेम धावणार नाहीत, पण सातबारा छापला जातो.

एवढ्यासाठी फॉरमॅट? धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथं मोडी दफ्तरं जपून ठेवली आहेत, माणसं ती वाचतात. ‘लिपी लागत नाही, जाळून टाका’ असं तिथं कुणी म्हणालं, तर आख्खा खान्देश त्याच्या घरी जाईल. संगणकाच्या दफ्तराला मात्र आम्ही रोज काडी लावतो. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत माऊस धरायला शिकलेली आमची पिढी. चित्र गेलं की तिला वाटतं, मशीनच गेलं.

म्हणून आपल्याकडे एकच मागणी. पुढच्या खेपेला याल तेव्हा लॉगमधली ती एक ओळ स्वतःच्या छातीवर लावून या. आपलं वजन थोडं कमी होईल आणि फॉरमॅटवाल्यांचा हंगाम बुडेल. त्यांची नुकसानभरपाई मागायला आपण दोघं मिळून कलेक्टर कचेरीत जाऊ.

आपला कृपाभिलाषी,
एक फॉरमॅटग्रस्त खान्देशी