एकफ्लॅटी घरमालक

कागदोपत्री तो मालक. मालकी म्हणजे धायरीतला एक वन बीएचके, निवृत्तीच्या फंडातून घेतलेला. घराला लिफ्ट आहे, गिझर आहे, बाल्कनीतून सिंहगड दिसतो. दिसतो तो अर्थात भाडेकरूला.

भाडं मागायचं म्हटलं की याला घाम फुटतो. पाच तारीख उलटली की फोन हातात घेतो, ठेवतो, पुन्हा घेतो. लावलाच तर सुरुवात भाडेकरूच्या आईच्या गुडघ्यांपासून. मग पाऊस. मग पोराची परीक्षा. शेवटी, "बरं, ते जरा... या महिन्याचं..."

"काका, तुमचंच नाव काढलं होतं आत्ता! पगार अडकलाय हो. एक तारखेला नक्की." कोणत्या महिन्याच्या, हे दोघंही बोलत नाहीत.

"काय म्हणाला?" बायको विचारते.

"आईचं ऑपरेशन आहे म्हणे. आपणच दोन हजार पाठवायचे का?"

खरी गोची कागदाची. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवायला महापालिका हद्दीत हजार रुपये फी, वर मुद्रांक शुल्क. "माणूस घरंदाज वाटतोय, कशाला उगाच खर्च," म्हणत त्यानं स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून काम भागवलेलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. शिवाय अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. ही माहिती त्याला देतो कोण? भाडेकरूच. याच्याच फ्लॅटमध्ये बसवून, आल्याचा चहा पाजून.

मग एका रविवारी याचं डोकं फिरतं. पाणीच तोडतो म्हणून पिशवीत पान्हा टाकून धायरीची बस पकडतो. भाडेकरू दारातच कलम 29 ऐकवतो. पाणी-वीज तोडणं गुन्हा आहे, काका, या वयात कशाला? आणि पान्हा आणलाच आहे, तर बेसिनचा नळ गळतोय तेवढा बघता का? हा बघतो. वायसरही स्वतःच्या पैशानं आणतो.

वकील धीर देतात. मुदत संपूनही जागा अडवून बसला, तर कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं मागता येतं. "एकपट मिळालं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" असं याच्या ओठांवर येतं. पण वकिलांची फी द्यायची राहिलेली असते.

संध्याकाळी कट्ट्यावर तो तावातावानं सांगतो, "कायदा सगळा भाडेकरूंच्या बाजूचा!" ऐकणारे गालात हसतात. कारण हा स्वतः राहतो सदाशिव पेठेतल्या वाड्यात, वडिलांच्या वेळच्या भाड्यानं. म्हणजे महिन्याला एका मिसळीचे पैसे. वाड्याच्या मालकानं मुलाच्या संसारासाठी खोल्या मागितल्या, तेव्हा हाच म्हणाला होता, "रीतसर नोटीस द्या, बघू." कुणी याची आठवण करून दिलीच तर तो दुखावतो. "ते वेगळं. आम्ही भाडं वेळेवर भरतो."

अखेर भाडेकरू एका रात्री आपणहून जातो. पंखा, गिझर आणि नवं वायसर बसवलेला नळही जातो. मागे उरतं ते वीजबिल आणि सोसायटीची थकबाकी. सगळेच भाडेकरू असे नसतात. डिपॉझिट रंगकामात जिरवणारे मालकही मी पाहिलेत, पण त्यांच्याकडे चार-चार फ्लॅट असतात.

आता एजंटानं नवं गिऱ्हाईक आणलंय. या वेळी करार नोंदवायचाच, पोलीस व्हेरिफिकेशनही करायचं, असं याचं ठरलंय. बोलणी मात्र तीन आठवडे अडली आहेत. नोंदणीच्या हजारातले पाचशे भाडेकरूनं द्यावेत, असं याचं म्हणणं आहे.