बालीत पाडवा

पाडव्याला पुढे-मागे रजा जोडली की सुट्टी कशी फुगते, हे गणित मी ऑफिसात इतरांना शिकवत असे. 22 मार्च 2023चा पाडवा त्यामुळेच बालीत करायचं ठरलं. सतरा हजारांवर बेटांचा इंडोनेशिया काही एका रजेत बघून होत नाही. निदान एक बेट तरी पिळून काढायचं, या निर्धारानं मी पाडव्याच्या दिवसाचा तासवार तक्ता केला. पहाटे बातूर ज्वालामुखीवर सूर्योदय, दुपारी तेगलालांगची भातखाचरं, संध्याकाळी उलुवातूच्या कड्यावर केचक नृत्य. तक्ता लॅमिनेट केला. मेहुणा म्हणाला, "दाजी, यात जेवण कुठं दिसत नाही." मी तुच्छतेनं हसलो.

आदल्या संध्याकाळी उबुदच्या चौकात ही गर्दी! बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून केलेले, सुळे परजणारे राक्षस पोरं खांद्यावर नाचवत होती. त्यांना ओगोह-ओगोह म्हणतात. चौक आला की राक्षसाला गरगर फिरवायचं, म्हणजे भुतांना दिशा कळत नाही. जन्मभर विसर्जन मिरवणुका बघितलेला माणूस अशा वेळी कडेला कसा उभा राहणार? मी घुसलो, नाचलो, आणि शेजारच्या तरुणाला ओरडून विचारलं, "उद्या किती वाजता?"

"उद्या काही नाही," तो म्हणाला.

मिरवणूक नाही, असा अर्थ मी घेतला. पण खरोखरच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी न्येपी, म्हणजे बालीच्या शक वर्षाचा पहिला दिवस. शकही आपलाच, 1945! फक्त नवं वर्ष ते मौनात सुरू करतात. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद, आणि पाहुण्यांनीही हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. यामागची लोकसमजूत मला फार आवडली. आदल्या रात्री गोंगाट करून भुतांना जागं करायचं, मग सगळं बेट ओसाड असल्याचं सोंग घ्यायचं. भुतं येतात, इथं कुणीच नाही म्हणून कंटाळून निघून जातात. चाळीस लाखांवर माणसं हे सोंग चोख वठवतात. त्या वर्षी धोका फक्त आमच्या खोलीकडून होता.

सकाळी हिनं पुण्याहून आणलेला खण, साखरेची गाठी आणि तांब्या बाहेर काढला. "अहो, काठी?"

बेटभर बांबू, पण आणायला जाणार कोण? मी छत्री पुढे केली. बटण दाबलं की फटकन उघडणारी. खण बांधला, तांब्या पालथा घातला, गॅलरीच्या कठड्याला गुढी टेकवली. मी मनोभावे हात जोडले आणि कोपर नेमकं बटणाला लागलं. गुढीनं पंख पसरले. तांब्या उडाला आणि दगडी जिन्याच्या प्रत्येक पायरीला भेट देत खाली गेला. एरवी त्याचा आवाज पार्किंगपर्यंतही पोचला नसता. त्या दिवशी मात्र तो पार लोंबोक बेटापर्यंत गेला असावा.

खाली रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेला पेचालांग, म्हणजे गावचा पहारेकरी, थबकला. त्यानं वर पाहिलं. मी छत्रीखाली उभा होतो. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, मीही ठेवलं. काय करणार?

दुपारभर आम्ही कुजबुजत भांडलो. कुजबुजत भांडण्यात मुळीच राम नसतो. दारही आपटता येत नाही. संध्याकाळी पडदे ओढले. अंधारात मेहुण्यानं चिवड्याची पिशवी फोडली आणि शेंगदाणे शोधायला मोबाइलचा टॉर्च लावला. दारावर अगदी हलकी टकटक झाली. हॉटेलचा पोरगा हात जोडून उभा. काही बोलला नाही, नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. उरलेला चिवडा आम्ही एकेक पोहा चघळत संपवला.

दुसऱ्या दिवशी सहाला स्कूटर फुरफुरल्या, कोंबडे मोकळे झाले. रिसेप्शनवर तोच पोरगा होता. मेहुण्यानं सलगीनं विचारलं, "काय, गेली का भुतं?"

"हो सर," तो अदबीनं म्हणाला, "आपलं चेकआउट बारा वाजता आहे."