गाईडमधला समुद्र

विद्यार्थ्याच्या कच्च्या मजकुरासमोर तो विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक पाच-दहा मिनिटे एकत्र बसून जे बोलतात, त्याला येथे सोयीसाठी लेखनसंवाद म्हटले आहे. मराठी शाळांत ही गोष्ट दुर्मिळ असून तिचे काम पिढ्यान्पिढ्या लाल शाईने सांभाळले आहे. लाल शाईचा शब्दसंग्रह आटोपशीर असतो. 'छान', 'अक्षर सुधारा' आणि 'मुद्देसूद लिहा' हे तिचे प्रमुख शेरे होत, आणि त्यांतील शेवटच्याचा अर्थ विचारण्याचे धाडस विद्यार्थी सहसा करीत नाही, ही शिक्षकाच्या दृष्टीनेही मोठीच सोय आहे.

या व्यवस्थेची फळे पाहण्यास मुरुड तालुक्याइतके सोयीचे ठिकाण नाही. 'मी पाहिलेला किल्ला' या निबंधाची सामग्री गोळा करण्यासाठी राज्यभरातील शाळा एसटी ठरवून जंजिऱ्याला येतात. परंतु राजपुरीतील ज्या मुलाच्या घरची शिडाची होडी याच पाहुण्यांची ने-आण करते, तोही निबंधाचा आरंभ 'पहाटे पाच वाजता आम्ही सर्व शाळेच्या मैदानावर जमलो' असाच करतो, कारण गाईडमधील, म्हणजे परीक्षार्थींना तयार उत्तरे पुरविणाऱ्या पुस्तकातील, सहल तेथूनच निघते. पुढे तो किल्ल्याचे अजिंक्यपण सांगतो, संभाजी महाराजांनी समुद्रात बांध घालण्याचा केलेला प्रयत्न सांगतो, आणि अखेरीस, जन्मापासून अंगणातून दिसत आलेला किल्ला पाहून, त्याचे मन भारावून जाते. दहापैकी सात गुण मिळतात.

या दुखण्यावरचा एक उपाय अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठातून आला. अग्रलेखांसाठी १९५४ साली पुलित्झर पारितोषिक मिळविलेले पत्रकार डोनाल्ड मरे, आणि लिहिणाऱ्या लहान मुलांच्या शेजारी बसून निरीक्षण करणारे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्हज, ज्यांचे या विषयावरील पुस्तक १९८३ साली निघाले, या दोघांच्या विचाराचे सार असे की, आधी विद्यार्थ्याने बोलावे, शिक्षकाने ऐकावे आणि स्वतःला खरोखर ठाऊक नसलेलेच विचारावे. शेवटची अट अवघड आहे, कारण उत्तर आधीच पाठ असलेले प्रश्न विचारणे यावरच हा पेशा उभा आहे.

सुदैवाने देशावरून, म्हणजे घाटापलीकडून, बदली होऊन किनाऱ्यावर आलेला शिक्षक ही अट विनासायास पूर्ण करतो. वारा पडल्यावर होडी कशी चालते, एवढे त्याने विचारले तरी पुरते: मुलगा वल्ह्यांवर येतो, तेथून तांडेलावर, म्हणजे होडीच्या प्रमुखावर, आणि तेथून भांगावर, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर ओसरून प्रवाहाच्या भरवशावर लावलेल्या डोल जाळ्यांत फारसे काही येत नाही, त्या दिवसांवर. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत का दिसत नाही आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत घरात कोण कोणावर खेकसते, हीही प्रकरणे ओघाने बाहेर पडतात. शिक्षकाचे अज्ञान जितके निर्मळ, तितका निबंध लांबतो.

अडचण वेळेची आहे. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ विद्यार्थी हे प्रमाण घातले आहे. प्रत्येकी दहा मिनिटे धरल्यास ३५० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या दहा तासिका लागतात, आणि तेवढ्या वेळात उरलेले ३४ जण काय करतील, याची कल्पना ज्यांनी वर्ग सांभाळला आहे त्यांना करून देण्याची गरज नाही.

शिक्षकाने स्वतःही लिहावे आणि ते मुलांपुढे ठेवावे, ही या उपायातील दुसरी अपेक्षा मात्र परकी नाही. पालगडच्या साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. तो कित्ता गिरवून देशावरच्या एखाद्या गुरुजींनी आपल्या पहिल्या जंजिरा-भेटीवर निबंध लिहिला आणि 'अथांग सागर पाहून डोळ्यांचे पारणे फिटले' हे वाक्य राजपुरीच्या मुलासमोर ठेवले, अशी कल्पना करावी.

"सर, पारणं फिटलं तेव्हा तुम्ही होडीत कुठे बसला होतात?"

बऱ्याच वेळाने गुरुजी सांगतात की, बसलेले नव्हतेच. धक्का सोडल्यापासून दरवाजा येईपर्यंत ते होडीच्या काठावर ओणवे होते आणि सागर त्यांना दिसला तो फक्त दोन हातांवरचा.

"मग सर, तिथूनच सुरू करा ना."