डिस्नेनिष्ठांसाठी नियमावली

सदर नियमावली कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड आणि फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड यांच्या अशा चाहत्यांसाठी आहे, जे प्रत्येक दरवाढीनंतर ‘आता बास, ही शेवटची खेप’ असे घरात जाहीर करतात आणि त्याच रात्री पुढच्या वर्षाच्या तारखा बघत बसतात. आयुष्यात एकदाच जाऊन फोटो काढणाऱ्यांनी ती वाचण्याची गरज नाही. त्यांचे नुकसान मर्यादित आहे.

नियम पहिला: जुने भाव उगाळू नयेत

17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा मोठ्यांना प्रवेश 1 डॉलर आणि मुलांना 50 सेंट होता. कोणी ही आठवण काढलीच, तर तेव्हा आतल्या राइडची तिकिटे वेगळी काढावी लागत, असे ताबडतोब सुनवावे. त्या एका डॉलरचे आजच्या महागाईने बाराएक डॉलर होतात, ही माहिती मात्र स्वतःपाशी ठेवावी. ऑक्टोबर 2024 मधल्या दरवाढीने ऐन गर्दीच्या दिवसाचे तिकीट 206 डॉलरवर गेले. सगळ्यात स्वस्त तिकीट 2019 पासून 104 डॉलरच आहे, असे कंपनी अभिमानाने सांगते आणि ते खरेही आहे. फक्त त्या भावाचे दिवस मोजकेच असतात, आणि नेमके त्याच दिवशी मुलांची शाळा असते.

नियम दुसरा: काल फुकट होते ते आज विकत घेताना आभार मानावेत

रांग चुकवण्याचा ‘फास्टपास’ 1999 पासून तिकिटातच मिळत असे. महासाथीत तो बंद झाला आणि 2021 मध्ये नवे नाव घेऊन परतला, तेव्हा डिस्ने वर्ल्डमध्ये त्याचे दिवसाला माणशी 15 डॉलर पडू लागले. त्यानंतर त्याचे नाव पुन्हा बदलले. 2024 मध्ये त्याचा थोरला भाऊ जन्माला आला. या ‘प्रीमियर पास’ला डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कात गर्दीच्या दिवशी माणशी 449 डॉलरपर्यंत मोजावे लागतात, तेही प्रवेशाचे तिकीट सोडून. विमानतळावरून हॉटेलात आणून सोडणारी मोफत बस 2022 उजाडताना बंद झाली. तिच्याबद्दल हळहळू नये. टॅक्सीत ड्रायव्हरशी गप्पा मारता येतात.

नियम तिसरा: सुट्टीत झोपू नये

डिस्ने वर्ल्डमधले रांग चुकवण्याचे पास डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी सातला खुले होतात. कॅलिफोर्नियातल्या भक्ताने त्यासाठी पहाटे चारला उठावे. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन, आणि ‘मला ती खाणीतली गाडी मिळाली, तुला काय मिळालं?’ असा संवाद नवरा-बायकोत व्हावा. पहिल्या तीन राइड निवडेपर्यंत हवी ती वेळ निघून गेलेली असते. मग सकाळी साडेनऊऐवजी संध्याकाळी सातची वेळ घ्यावी आणि ‘दिव्यांत जास्त छान दिसतं’ असे मुलांना सांगावे.

नियम चौथा: आई-बाबांना आकडे सांगू नयेत

पुण्याहून आलेल्या आई-बाबांना डिस्ने दाखवणे हा अमेरिकेतल्या मराठी घरांचा शिरस्ता आहे. अशा वेळी पावती खिशात घडी करून ठेवावी. बाबा डॉलरला नव्वदाने गुणतात आणि उत्तर ऐकून आई बाकावरून उठत नाही. त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. घरचे खाणे आत नेता येते, काचेची भांडी तेवढी चालत नाहीत. तेव्हा तिखटामिठाच्या पुऱ्या आणि चिवडा बेलाशक न्यावा. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचे पाणीही फुकट मिळते. एवढी बचत झाली की मुलांनी मिकीच्या तोंडाचे आइस्क्रीम मागावे, कानापासून खायला सुरुवात करावी, आणि उरलेला मिकी बाबांच्या शर्टावर वितळू द्यावा.

नियम पाचवा: कोणी ‘घर’ म्हटले की सही करावी

1991 पासून चालणाऱ्या ‘डिस्ने व्हेकेशन क्लब’च्या सभासदांचे हॉटेलात ‘वेलकम होम’ म्हणून स्वागत होते. डोळ्यांत पाणी येते. या घरातल्या मुक्कामासाठी पॉइंट विकत घ्यायचे, दर वर्षी देखभालीचे पैसे भरायचे, आणि पार्कात शिरायचे तिकीट वेगळे काढायचे. पहिल्या काही घरांची मुदत 31 जानेवारी 2042 ला संपते. नातवंडांना वारसा म्हणून फोटो ठेवावेत.

नियम सहावा: कंपनीलाही कधी धडा मिळतो, तो लक्षात ठेवावा

मार्च 2022 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांसाठी अंतराळयानासारखे एक हॉटेल उघडले. दोघांना दोन रात्रींचे साधारण 4,800 डॉलर. याहून निष्ठावान चाहते पृथ्वीवर मिळणे कठीण, तरी सप्टेंबर 2023 मध्ये हे यान कायमचे बंद पडले. निष्ठेला अंत नसला तरी खिशाला असतो, हा शोध असा लागला.

नियम सातवा, आणि खरे तर एकमेव: रुसायला शिकावे

आता मूळ प्रश्न. जावे की जाऊ नये?

उत्तरासाठी कंपनी कोणापुढे नमते ते पाहावे. डिस्ने वर्ल्डमधल्या हॉटेलांच्या पाहुण्यांकडून 2018 पासून रात्रीच्या पार्किंगचे पैसे घेतले जात. ओरड वाढली आणि जानेवारी 2023 मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी दरांच्या बाबतीत जरा अतीच झाल्याचे गुंतवणूकदारांपुढे मान्य केले. 2024 च्या सुरुवातीला डिस्नेलँडने 3 ते 9 वर्षांच्या मुलांचे तिकीट काही आठवडे 50 डॉलरवर आणले. यातले काहीही दर वर्षी न चुकता येणाऱ्यांच्या प्रेमापोटी झालेले नाही. जे येईनासे झाले किंवा यावे की नाही या विचारात पडले, त्यांच्यासाठी झाले. रुसलेल्या जावयासाठी सासरी श्रीखंड-पुरीचा बेत होतो, घरजावयाला मात्र कालची भाजी गरम करून मिळते. न चुकता जाणारा चाहता हा घरजावई आहे, आणि कंपनीला ते पक्के ठाऊक आहे.

म्हणून शिफारस अशी: मूल पाच-सहा वर्षांचे असताना एकदा जावे, कारण त्या वयात मिकीच्या आत माणूस आहे हे कळत नाही. दुसऱ्यांदा त्याच्या दहाव्या वाढदिवसाआधी जावे, कारण त्या दिवसापासून तिकीटखिडकी त्याला प्रौढ समजते. मधली वर्षे मनापासून रुसण्यात घालवावीत. फक्त फोनवरचे ॲप काढून टाकू नये. सवलत जाहीर झाली, की ती आपल्याला आधी कळली पाहिजे.