तीन इंच वरचा माणूस

लासलगावात कांद्याला चांगला भाव मिळाला की लिफ्टवाला उगवतो. वडिलांच्या जुन्या महिंद्रा जीपचे पाटे बदलून, लांब शॅकल लावून तो ती तीन इंच उचलतो. कशासाठी, असे विचारले तर चांदवडचे डोंगर दाखवतो. गाडी जाते विंचूर रस्त्यावरच्या चहापर्यंत. विलीज जीप महिंद्राने 1947 मध्ये भारतात आणली आणि लासलगावची बाजार समितीही त्याच वर्षाची, त्यामुळे दोन्ही घरचीच असल्यासारखा तो बोलतो. आजीला चढता यावे म्हणून दाराशी कांद्याचा क्रेट असतो.

उचललेली जीप खड्ड्यातून निघाली की पुढची चाके थरथरतात. तो आधी टायरला दोष देतो, मग फिटरला, मग रस्त्याला. रस्त्याचा दोष असतोच, म्हणून निदान लांबते.

मूळ दुखणे कॅस्टरचे. चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनचा माथा जरा मागे कललेला असतो, विलीज घराण्यात सुमारे 3 अंश. त्यामुळेच वळणानंतर चाक आपोआप सरळ येते. लांब शॅकलने अ‍ॅक्सल फिरतो आणि हा कल जातो. उपाय म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यात पोलादी पाचर. लिफ्टवाला ती पहिल्यांदा उलटी मारतो आणि उरलासुरला अंशही घालवतो. सुलट मारली तरी बेताचीच हवी, नाहीतर डिफरन्शियलचे तोंड खाली जाऊन शाफ्टचा क्रॉस वाजू लागतो.

मग ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगची ओढ चाकांकडे नेणारा दांडा. लिफ्टनंतर ती तिरकी होते आणि खड्ड्यात चाक उचलले की स्टेअरिंग न फिरवताही गाडी वळते. स्टेअरिंग बॉक्सला खाली उतरणारा पिटमन आर्म लावला की ती पुन्हा आडवी होते. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे दिसते, त्यावर लिफ्टवाला ते उपसून सरळ बसवतो. लिंकची लांबी जुळवून स्टेअरिंग बॉक्स मध्यावर आणायचा, हे राहूनच जाते. मग गाडी एका बाजूला कमी वळते आणि बाजार समितीच्या फाटकात तो तीनदा मागे-पुढे करतो; मागे कांद्याचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असतात.

टो-इन सगळ्यात शेवटी. खडू, टेप आणि गोणी शिवायची सुतळी पुरते: चाकांमधले पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी. हे त्याने पहिल्याच दिवशी उरकलेले असल्याने पुन्हा करावे लागते. थोडी चालवल्यावर यू-बोल्ट परत आवळायचे असतात. त्यासाठी गाडीखाली शिरायला मात्र आता ऐसपैस जागा असते.