स्वतःला पुरते ओळखून असलेले नाना

वॉचमनवर आवाज चढवून झाला की नाना लगेच पावती फाडतात : "मी तापट आहे, मला ठाऊक आहे." दोष कबूल केला की हिशेब मिटला, अशी त्यांची समजूत. सोसायटीची मीटिंग साडेसातची असली तर हे सव्वाआठला येणार, आणि आल्याआल्या "वेळेच्या बाबतीत मी ढिला आहे बरं का, मीच सांगतो" म्हणत मधली खुर्ची धरणार. तोवर निम्मी मंडळी कंटाळून घरी गेलेली असतात, कोरम मोडलेला असतो आणि गच्चीची गळती आणखी एक पावसाळा पुढे गेलेली असते. आत्मपरीक्षण मात्र यथासांग पार पडलेलं असतं.

असा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो; आमच्या डोंबिवलीत जरा जास्तच. माणसाला स्वतःचे दोष दिसत नाहीत ही तक्रार आता जुनी झाली. नानांना स्वतःचे दोष इतके दिसतात की ते दाखवता दाखवता संध्याकाळ सरते. शिवाय दोषही कसे वेचक! तापट, स्पष्टवक्ता, नको इतका प्रामाणिक. आपण चिकट आहोत किंवा फार बोलतो, असं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

वाचन दांडगं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा. नानांच्या प्रतीत त्याच्या कडेने पेन्सिलीने फ्लॅटचे नंबर आहेत : ब-३०२, अ-१०४. पुढचा समास उत्तम लक्षणांचा, तिथे नुसतं 'स्वतः'. पढतमूर्खांचा दहावा समास अजून कोरा करकरीत आहे.

मग त्यांना बेंजामिन फ्रँकलिन सापडला. या गृहस्थाने १३ सद्गुणांची वही घातली होती. आठवड्याला एक गुण धरायचा आणि चुकलं की त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. नानांनी तश्शी वही आखली. फ्रँकलिनची मूळ यादी बाराचीच होती. लोक तुला गर्विष्ठ समजतात असं एका क्वेकर मित्राने तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे त्याने तेरावी नम्रता जोडली. हा मित्र नानांच्या वाचनातून निसटला असावा. कारण नम्रतेचं पान त्यांनी मला मुद्दाम उघडून दाखवलं. "बघा, एक तरी ठिपका दिसतोय?"

हल्ली जोहारी खिडकीचं वेड आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेली ही चार खणांची खिडकी. नावही दोघांच्या नावांतूनच जुळवलेलं. ५६ विशेषणांची यादी असते. त्यातली पाच-सहा आपण स्वतःसाठी निवडायची, तेवढीच आपल्याला ओळखणाऱ्यांनी आपल्यासाठी. लोकांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही, ते आंधळ्या खणात जातं. खरा माल तिथेच असतो.

रविवारी नानांच्या हॉलमध्ये आम्ही शेजारीपाजारी जमलो. हातात याद्या, पुढ्यात पोहे. यादीतली विशेषणं बहुतेक गोडच, तरी पेन अडखळत होती. ३०२ वाल्या काकांनी 'गुंतागुंतीचा'वर टोक टेकवलं मात्र, नाना वाकून म्हणाले, "अहो, 'शांत' राहिलं तुमचं. नीट वाचा, घाई नाही." मग माझ्याकडे वळले. "'संयमी' तर तुम्ही घेणारच." मी घेतलं. काय करता, पोहे संपायचे होते. चिठ्ठ्या गोळा करून नानांनीच मोठ्याने वाचल्या, एकदोन जागच्या जागी दुरुस्त केल्या आणि तक्ता भरला. आंधळा खण साफ रिकामा!

"म्हणजे मला माझ्याविषयी माहीत नाही असं काही उरलंच नाही," पोह्यांवर लिंबू पिळत त्यांनी जाहीर केलं, आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याची कला आपण कशी कमावली, ते पहिल्या नोकरीपासून सांगायला घेतलं.

बशा उचलता उचलता वहिनी म्हणाल्या, "अहो, माझी चिठ्ठी घेतलीच नाहीत तुम्ही."

"घेतो गं," नाना म्हणाले, "आधी माझं संपू दे."